पती, पिता आणि आजोबा : एका थोर घराचा जमाखर्च

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कणकवली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या ज्ञातीतील एखाद्या थोर पुरुषाच्या स्मरणार्थ चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी मला केली, तेव्हा कोणावर बोलावे या विचाराने मी मंडळाच्या स्मरणिकांचे जुने अंक काढून बसलो. आपल्या प्रत्येक अंकाच्या शेवटी श्रद्धांजलीची पाने असतात. वर्षभरात जी माणसे आपल्यातून गेली, त्यांचे छायाचित्र आणि खाली पाच-सहा ओळी. ही पाने ओळीने वाचू लागलो, तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गाव निराळे, आडनाव निराळे, व्यवसाय निराळा; परंतु शब्द मात्र सर्वत्र तेच. ‘प्रेमळ पती, वत्सल पिता आणि लाडके आजोबा’. जणू एकच मनुष्य दरवर्षी निरनिराळ्या नावांनी निवर्ततो आहे.

मी हसलो नाही. कारण त्यांतील एक मजकूर माझ्या स्वतःच्या हातचा होता. माझे वडील वारले त्या वर्षी हेच तीन शब्द मी लिहून पाठविले होते. अंक घरी आला, तेव्हा आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि एवढेच म्हणाली, ‘छान लिहिलंयस हो. मला विचारलं असतंस, तर मीही एखादी गोष्ट सांगितली असती.’ एवढे बोलून ती वाती वळू लागली. कोणती गोष्ट, हे मी त्या वेळी विचारले नाही. माझ्या आजच्या भाषणाचा उगम त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

हे तीन शब्द खोटे असतात, असे मला म्हणावयाचे नाही. ते न तपासता लिहिले जातात, एवढेच माझे म्हणणे आहे. म्हणून आज मी एका अशा पुरुषाचे चरित्र आपल्यापुढे ठेवणार आहे, की ज्याच्या घरात हे तीनही शब्द खरोखरी तपासले गेले, आणि तेही त्या घरातील माणसांकडूनच. ते पुरुष म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, आपणा सर्वांचे अण्णासाहेब.

कोणी विचारील की, कणकवलीत बोलावयाचे तर आपले अप्पासाहेब पटवर्धन का नकोत? १९४८ साली येथे गोपुरी आश्रम स्थापन करून ज्यांनी मेलेली ढोरे सोलण्यापासून मैल्याचे खत करण्यापर्यंत सर्व कामे स्वतःच्या हातांनी केली, त्या ‘कोकणच्या गांधीं’ना सोडून मुरूडकडे कशाला जावयाचे? अप्पासाहेबांविषयी माझा आदर कोणाहून कमी नाही. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करावयास मिळावे म्हणून १९३२ साली त्यांनी उपोषण आरंभिले आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांना उपवासानेच साथ दिली, हा इतिहास आपल्या मुलांना पाठ असला पाहिजे. परंतु अप्पासाहेबांनी लग्न केले नाही. त्यांच्या व्रताचे ओझे वाहण्यास घरात पत्नी नव्हती, पाठीमागे मुले नव्हती. व्रत घेणारा एकटा असतो, तेव्हा त्याचा खर्च तो स्वतःच्याच नावे मांडतो. अण्णासाहेबांनी व्रत घेतले ते भरल्या घरात. तो खर्च कोणाच्या नावे पडला, हे पाहणे आपणासारख्या संसारी माणसांना अधिक उपयोगाचे आहे.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, शेरवली येथे झाला. बालपण गेले दापोलीजवळच्या मुरूडास. आज आपला जिल्हा निराळा असला, तरी १९८१ पर्यंत आपण आणि ते एकाच रत्नागिरी जिल्ह्याचे. घर गरिबीचे. परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत घाट चढून पायी गेलेला आणि ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून परीक्षेस न बसताच परत आलेला मुलगा, ही त्यांची गोष्ट आपण शाळेत वाचली आहे. ती मी पुन्हा सांगत नाही. मला सांगावयाचे आहे ते त्यांच्या घरातले.

प्रथम पती. त्या काळच्या रीतीप्रमाणे चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्यांचा विवाह राधाबाईंशी झाला. राधाबाई तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. पुढे अण्णासाहेब मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, १८८४ साली पदवीधर झाले, आणि पहाटेपासून शिकवण्या करून त्यांनी संसार चालविला. या धावपळीत त्यांनी एक काम केले, ते असे की, पत्नीला लिहावयास-वाचावयास शिकविले. बायकोने पुस्तक हाती धरले तर घरावर संकट येते, असे मानणाऱ्या समाजात पतीने पत्नीचा शिक्षक होणे हीच प्रेमाची एक रीत होती. १८८२ साली त्यांना रघुनाथ हा पुत्र झाला. १८९१ साली राधाबाई वारल्या. मूल नऊ वर्षांचे, अण्णासाहेब तेहतिशीचे. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले या आपल्या वर्गबंधूच्या बोलावण्यावरून ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास आले.

आता आपण त्या काळात क्षणभर उभे राहू. तेहतीस वर्षांचा कॉलेजातला प्राध्यापक विधुर झाला, तर काय होत असे? तेरावा उलटण्याच्या आत मुली सांगून येत. दहा-अकरा वर्षांच्या मुलींचे बाप उंबरे झिजवीत. पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ सालीच मान्यता मिळाली होती, पण ती कागदावर. न्यायमूर्ती रानड्यांएवढ्या पुरुषाने, विधवाविवाहाचा पुरस्कार करीत असतानाही, १८७३ साली पहिली पत्नी निवर्तल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. रानड्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या मुलीला त्यांनी शिकविले आणि त्यांतूनच रमाबाई रानडे घडल्या, हे आपण जाणतो. मला सांगावयाचे आहे ते एवढेच की, सभेत पुनर्विवाहाचे भाषण करणे आणि घरात वडिलांसमोर तोच शब्द उच्चारणे, यांत किती अंतर होते.

अण्णासाहेबांनी ते अंतर ओलांडले. लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी, मूळचे देवरुखचे, यांची बहीण गोदूबाई ही बालविधवा पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होती. त्या सदनाची ती पहिली विधवा विद्यार्थिनी. सासर-माहेर म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तिच्या कपाळी वैधव्य आले होते. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास हा विवाह झाला आणि गोदूबाई आनंदीबाई झाल्या. घरात आणि पुढे सर्व महाराष्ट्रात त्यांना ‘बाया’ म्हणू लागले. मीही यापुढे तेच नाव घेतो.

यानंतर जे घडले, ते ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून सांगताना मला संकोच वाटतो. पण ते येथेच सांगितले पाहिजे. नवे दांपत्य मुरूडास गेले. गावच्या मंडळींनी सभा भरविली, ठराव केला आणि अण्णासाहेबांना वाळीत टाकले. घरच्यांनी त्यांना जवळ केले, तर त्या घरावरही बहिष्कार. म्हणजे शासन एकट्या त्यांना नव्हते. ज्या आईने त्यांना जन्म दिला, तिला आपल्याच मुलाला पानावर घेऊन जेवू घालता येईना. थोरल्या भावाला धाकट्याला आपल्या छपराखाली ठेवता येईना. हा ठराव कोणा परक्या सरकारने केला नव्हता. तो आपल्यासारख्याच, संध्या करणाऱ्या, पोथी वाचणाऱ्या, श्रद्धांजलीत ‘प्रेमळ’ म्हणून ज्यांचे वर्णन झाले असेल अशा गृहस्थांनी केला होता. आज त्याच मुरूडास अण्णासाहेबांचे स्मारक आहे आणि आपल्या मंडळाच्या भिंतीवर त्यांची तसबीर. तसबीर लावणे सोपे असते. ठराव करणाऱ्यांत आपले पणजोबा असते तर त्यांनी हात वर केला असता की नाही, हा प्रश्न त्या तसबिरीखाली उभे राहून आपण स्वतःस विचारावयास हवा.

येथपर्यंतची गोष्ट आपणास सुखावणारी आहे. कारण येथपर्यंत दोष समाजाचा आणि थोरवी अण्णासाहेबांची. यापुढची गोष्ट अवघड आहे.

१८९६ साली अण्णासाहेबांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली. विधवांना शिकवून आपल्या पायांवर उभे करावयाचे, हा हेतू. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. तेथे एक झोपडी उभी राहिली. दिवसा कॉलेजात गणित, संध्याकाळी हिंगण्यास. पावसाळ्यात चिखल तुडवीत, आश्रमाचे सामान हाती घेऊन हा प्राध्यापक ये-जा करीत असे. हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे आहे. पण त्या वेळी त्याचे स्वतःचे घर कोठे होते, हे आपण विचारीत नाही. घर पुण्यात होते. तेथे बाया होत्या, लहान मुले होती, आणि हाती येणारा पैसा मोजका होता.

आश्रमास लोकांचा आधार मिळावा म्हणून अण्णासाहेबांनी पुनर्विवाहाचे कार्य आणि विधवा-शिक्षणाचे कार्य एकमेकांपासून दूर ठेवले. धोरण म्हणून ते शहाणपणाचे होते. पण त्याचा अर्थ घरात काय झाला? आश्रमाच्या संस्थापकाची पत्नी ही पुनर्विवाहित, म्हणून तिनेच आश्रमापासून अंतर राखावयाचे! समाजाने मुरूडास जी रेघ ओढली होती, तीच रेघ हिंगण्यास वेगळ्या कारणाने बायांच्या पुढे आली. विधवांसाठी पतीने घर बांधले आणि त्या घरात पूर्वीची विधवा असलेल्या पत्नीला मोकळेपणाने वावरता येईना. याहून विलक्षण परिस्थिती कोणत्या नाटककाराने कल्पिली असेल?

दुसरी गोष्ट पैशाची. अण्णासाहेबांनी आपली बचत आश्रमास दिली. पुढे आयुष्याच्या विम्याची पॉलिसी, जी मुलांचा एकुलता एक आधार होती, तीही आश्रमाच्या नावे केली. बाया संतापल्या. का संतापू नयेत? एकदा वैधव्य भोगलेल्या स्त्रीला ‘उद्या यांचे काही बरेवाईट झाले तर’ हा विचार पुस्तकातून शिकावा लागत नाही. तिला तो अंगावरच्या वळासारखा ठाऊक असतो. आणि येथे बायांचे मोठेपण दिसते. त्या रडत बसल्या नाहीत. नागपुरास जाऊन त्यांनी सुईणपणाचे शिक्षण घेतले, आणि स्वतःच्या मिळकतीवर मुलांचे करण्याची तयारी केली. विधवांना स्वावलंबी करणाऱ्या पुरुषाच्या घरातली पहिली स्वावलंबी स्त्री त्याच्या कृपेने झाली नाही. त्याच्यावर विसंबून चालणार नाही हे ओळखून झाली. पुढे याच बायांनी आश्रमासाठी स्वतः निधी गोळा केला. राग गिळून नव्हे, राग सांगून. आज हिंगण्याची संस्था त्यांच्या नावाने ‘बाया कर्वे पुरस्कार’ देते, हा न्याय उशिरा झाला, पण झाला.

मग ‘प्रेमळ पती’ हा शब्द येथे टिकतो काय? माझे उत्तर असे आहे. त्यांनी बायांना समाजाच्या शापातून सोडविले, त्यांच्या शब्दाला घरात किंमत राहू दिली, त्यांच्या शिक्षणाच्या आड ते आले नाहीत. पण त्यांचा दिवस, त्यांचा पैसा आणि त्यांचे लक्ष यांवर पहिला हक्क बायांचा नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी झाकणे म्हणजे अर्धेच चरित्र सांगणे होय.

आता पिता. अण्णासाहेबांना चार पुत्र. राधाबाईंचे रघुनाथ, आणि बायांचे शंकर, दिनकर व भास्कर. रघुनाथराव १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. गणिताचे प्राध्यापक झाले. पुढे १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या कार्यापायी प्राध्यापकी गेली, आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. ज्या पुरुषाला मुरूडाने वाळीत टाकले, त्याच्या मुलाला साऱ्या महाराष्ट्राने वाळीत टाकले असे म्हटले, तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मुलाच्या मतांचा वडिलांनी जाहीर कैवार घेतला नाही. या मौनाचा कोणी दोष देतो. मीही थोडासा देतो. परंतु एक लक्षात घ्यावे. मतभेदापायी पुत्राशी नाते तोडणारे बाप आपण आपल्या आळीत पाहिले आहेत. जातीबाहेरचे लग्न केले म्हणून मुलीचे नाव न घेणारे बापही पाहिले आहेत. अण्णासाहेब त्यांतले नव्हते. त्यांनी मुलांना आपल्या कार्याला जुंपले नाही. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले, दिनकरराव रसायनशास्त्राचे अध्यापक आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. हिंगण्याच्या संस्थेत राहिले ते भास्करराव, आणि त्यांच्या बरोबर त्यांच्या पत्नी कावेरीबाई. ज्याला जो मार्ग दिसला, तो त्याने धरला. वत्सलतेच्या आपल्या कल्पनेत मुलाला कवटाळणे असते. या घरातील वत्सलतेत मुलाला मोकळे सोडणे होते.

तरीही हे घर निर्दोष नव्हते. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई यांनी १९२८ साली उच्च शिक्षणासाठी जर्मनीस जाण्याचे ठरविले, तेव्हा त्यास विरोध कोणी केला? स्त्रियांचे विद्यापीठ १९१६ साली ज्यांनी स्थापिले, त्या सासऱ्यांनीच! दिनकरराव पत्नीच्या पाठीशी उभे राहिले, इरावतीबाई बर्लिनला गेल्या, आणि परत येऊन साऱ्या देशाला परिचित अशा मानवशास्त्रज्ञ झाल्या. पित्याने राधाबाईंना अक्षरे शिकविण्याचे जे कार्य आरंभिले होते, ते पुत्राने पित्याचा शब्द मोडून पुढे नेले. मला वाटते, बापाच्या शिकवणीचा याहून मोठा पुरावा नाही. मुलाने आपले ऐकले नाही, पण आपण ज्यासाठी आयुष्य वेचले ते ऐकले, हे ज्या बापाच्या वाट्याला आले तो भाग्यवान.

राहता राहिले आजोबा. नातवंडांचे आजोबा झाले तेव्हाही अण्णासाहेब आरामखुर्चीत बसले नाहीत. सत्तरी उलटल्यावर युरोप, अमेरिका, जपान अशी पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. मग आफ्रिकेचा दौरा केला. १९३६ साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापून वर्गणी मागत घरोघर फिरले. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद मोडण्यासाठी समता संघ काढला. हे शेवटचे वाक्य ज्ञातीच्या व्यासपीठावर मी मुद्दाम सावकाश म्हटले आहे. १९५५ साली पद्मविभूषण, १९५८ साली भारतरत्न, आणि त्याच वर्षी शताब्दी पाहणाऱ्या या पुरुषाचे चित्र टपालाच्या तिकिटावर आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशेपाचव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. बाया त्यांच्याआधी बारा वर्षे, १९५० साली गेल्या होत्या. थोरला मुलगा नऊ वर्षे आधी गेला होता. दीर्घायुष्याच्या आशीर्वादात हेही असते, हे आपण देताना विसरतो.

नातवंडांना त्यांनी काय दिले? आपल्याकडे आजोबांचे देणे म्हणजे आमराईतील वाटा किंवा सोन्याची साखळी. या घरात दिनकरराव-इरावतीबाईंच्या मुलांकडे पाहा. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे लेखिका झाल्या. विवाह नावाच्या बंधनाविषयी मराठी स्त्रीने काय विचारावे, याची हद्द गौरीबाईंनी आपल्या कथांतून पुष्कळ पुढे नेली. नातू आनंद कर्वे शास्त्रज्ञ झाले. त्यांच्या संस्थेने स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणारे लहानसे गॅस-संयंत्र तयार केले आणि २००६ साली त्यास आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. आपल्या गोपुरीच्या अप्पासाहेबांनी मैल्यापासून गॅस करण्याचे प्रयोग केले होते. हिंगण्याच्या आजोबांचा नातू आणि कणकवलीचा ब्रह्मचारी एका चुलीपाशी भेटले, असे मनात येऊन मला मोठी गंमत वाटली.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. हे सर्व आपणास कसे कळले? अण्णासाहेबांनी आत्मवृत्त लिहिले, त्यावरून एक बाजू कळली. परंतु दुसरी बाजू कळली ती बायांमुळे. १९४४ साली, पती हयात असताना, त्यांचे ‘माझे पुराण’ प्रसिद्ध झाले आणि ते सिद्ध केले सूनबाई कावेरी कर्वे यांनी. सासूने सांगितले, सुनेने लेखनात आणले, आणि त्या घरातील कोणीही ‘घरचे उणे बाहेर कशाला’ असे म्हणून ते दडपले नाही. पुढे १९६३ साली, वडील जाऊन वर्ष होते न होते तोच, दिनकररावांनी इंग्रजीत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वडिलांची हकीकत आहे, आणि तिच्या शेजारी आईचीही. त्यातच इरावतीबाईंचा सासऱ्यांवरील लेख आहे. त्याचे शीर्षकच मुळी ‘आजोबा’ या अर्थाचे. त्यात आदर आहे, आणि अशा पुरुषाच्या पत्नीच्या वाट्यास काय येते याची स्वच्छ जाणीवही आहे. थोर बापाच्या मृत्यूनंतर पुत्राने आईची तक्रार बापाच्या चरित्राशेजारी छापावी, यात कोणास कृतघ्नता दिसेल. मला यात त्या घराची खरी श्रीमंती दिसते. जमाखर्चाच्या वहीला दोन बाजू असतात. डावी बाजू तेवढी दाखवून उजवी झाकून ठेवणाऱ्या दुकानदारावर आपण बाजारपेठेत विश्वास ठेवणार नाही. मग आपल्या पूर्वजांच्या चरित्रांत ती रीत आपण का पाळतो?

आणि बंधूंनो, ही उजवी बाजू झाकली गेल्यामुळे किती माणसे अजिबातच दिसेनाशी झाली, हे पाहा. आपणांपैकी प्रत्येकाच्या घरी दोन-तीन पिढ्यांपूर्वी माजघरात लाल आलवण नेसलेली एक आत्या किंवा आत्येआजी होती. तिनेच बाळंतपणे निस्तरली, आंब्याची साठे घातली, मुलांना परवचा शिकविला. आपल्या स्मरणिकेचे सर्व अंक मी चाळले. श्रद्धांजलीच्या पानांवर अशी एकही आत्या मला आढळली नाही. ती कोणाची पत्नी उरली नव्हती, कोणाची माता झाली नव्हती, म्हणून आपल्या तीन शब्दांत तिला जागाच नव्हती. अण्णासाहेबांनी आयुष्य वेचले ते नेमके याच बाईसाठी. त्यांची तसबीर लावून आपण तिचे नाव मात्र विसरलो.

तेव्हा माझी मंडळापुढे एक नम्र सूचना आहे. पुढील वर्षीपासून श्रद्धांजलीचा मजकूर एकट्या कर्त्या मुलाने लिहू नये. पत्नी असेल तर पत्नीने, मुलीने, सुनेने, जिने त्या माणसाची उठबस केली तिने, निदान दोन ओळी घालाव्यात. ‘प्रेमळ’ लिहावयाचे असेल तर कशावरून, हे सांगावे. रागीट होते असे लिहिले, म्हणून आभाळ कोसळणार नाही. आणि ज्या आत्यांची, आज्यांची नावे आजवर छापली गेली नाहीत, त्यांच्यासाठी अंकात दोन पाने राखून ठेवावीत. ज्यांना वर्षे माहीत नसतील, त्यांनी नुसते नाव द्यावे. ही पाने छापण्याचा खर्च मी देईन. कार्यकारिणीने एवढी सेवा माझ्याकडून घ्यावी.

अण्णासाहेबांची थोरवी या हिशेबाने कमी होते असे मला वाटत नाही. बायांचा राग वाचल्यानंतरही ते मोठेच राहतात. किंबहुना तो राग वाचल्यावरच ते आपल्यासारखे हाडामांसाचे गृहस्थ वाटतात, आणि मग आपण त्यांच्या वाटेने चार पावले चालू शकू अशी आशा निर्माण होते.

माझ्या आईला मी ती गोष्ट विचारली नाही. आज करीन, उद्या करीन म्हणता म्हणता ती गेली, आणि वडिलांविषयीची तिची एक आठवण, गोड की कडू हेही मला ठाऊक नाही, तिच्याबरोबर गेली. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी अजून विचारण्यासारखे कोणी ना कोणी आहे. संमेलनाचे जेवण आटोपून आज घरी जाल, तेव्हा त्यांच्यापाशी घटकाभर बसावे आणि विचारावे, एवढीच विनंती.